पावशेर खसखस

नागपूरच्या इंदोऱ्याचा कुशल मेश्राम राहतो सिंगापुरात आणि कामाला जातो मलेशियात. गावाकडच्या लोकांना हे फार भारी वाटतं. "न्याहारी एका देशात न जेवण दुसऱ्या देशात, मजा आहे बाप्पा तुझी!" म्हणतात. मजा बघायची असेल तर त्याच्यासोबत एक दिवस जावं. पहाटे घराजवळच्या बिशानहून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची, वुडलँड्सला बसमध्ये घुसायचं, सिंगापूरच्या नाक्यावर उतरून पासपोर्ट, परत बस, समुद्रावरचा बांध ओलांडून जोहोर बारूच्या नाक्यावर परत उतरायचं, परत पासपोर्ट, मग कंपनीची गाडी. संध्याकाळी हीच वरात उलटी. सकाळी सगळी गर्दी जोहोरकडून सिंगापूरला पोटामागे धावत असते. हा गडी तिच्या तोंडावरून उलटा चालतो, चुकीच्या मिरवणुकीत घुसल्यासारखा.

हौस नव्हती त्याला. त्याची कंपनी सलाइनच्या नळ्या बनवते. इकडे जागा परवडेना म्हणून मालकाने सगळी यंत्रं उचलून जोहोरला नेली आणि कुशलला विचारलं, "यंत्रांसोबत जातोस की घरी जातोस?" नेमकं तेव्हाच घराला पीआर मिळालं होतं, म्हणजे सिंगापुरात कायम राहायची परवानगी. बायको एकता इथल्या एका कंपनीत हिशेब बघते, पोरगी ऋता बिशानच्या शाळेत. छप्पर इकडे, भाकर तिकडे. गेला यंत्रांसोबत.

पहिल्या दिवशी कंपनीतल्या बाईने समोर बसवून सांगितलं. "तुम्ही आता पीआर. मलेशियात जाऊन नशा केलीत तरी गुन्हा सिंगापूरचा धरला जातो. परत येताना नाक्यावर कधीही लघवी तपासायला मागतील. सांभाळा." बाईने ते सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं आणि विसरले. कुशल विसरला नाही. तो विडी-काडी ओढत नाही, बीअरला शिवत नाही. तरी त्या दिवसापासून तो पलीकडे कुणाच्या हातचा पेढाही खात नाही. बस यायच्या आधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून बघतो, कुणी काही घातलं तर नाही. त्याच्या आईने, मीराबाईने, हे एकदा घरी बघितलं तेव्हा म्हणाली, "बॅगेले काय उवा झाल्या काय रे?"

मरीन परेडच्या महागड्या कॉन्डोत राहणारे निशिकांतराव, मोठ्या बँकेत आहेत, मराठी मंडळींच्या जेवणात एकदा कुशलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मेश्राम, कर नाही त्याला डर कशाला? आम्ही पंधरा वर्षं येतोय-जातोय, आम्हाला कुणी कधी हटकलं नाही." बरोबर आहे. ज्याच्या सात पिढ्यांना वर्दीने कधी हटकलं नाही, त्याला हे सुचणारच. आमटी ओरपत सुचतं.

कुशलचा बाप भाऊसाहेब. गिरणीत होता आणि चळवळीत होता. एका मोर्चानंतर पोलिसांनी त्याला घरातून उचलला. तीन दिवसांनी सोडला तेव्हा उजव्या हाताचं बोट कायमचं वाकडं झालं होतं. त्या वाकड्या बोटाने बाप पोराला शिकवायचा, "वर्दीसमोर उभा राहशील तेव्हा दोन गोष्टी. हात खिशात घालायचे नाहीत. आणि मान खाली घालायची नाही." बाप गेला. पोराला पहिली गोष्ट पाठ झाली, दुसरी कधी जमली नाही. रोज संध्याकाळी वुडलँड्सच्या नाक्यावर कुशल दोन्ही हात बाहेर लोंबकळत ठेवतो आणि मान घालून फरशी बघत पुढे जातो. तिथल्या फरशा त्याला तोंडपाठ आहेत. साहेबांचे चेहरे विचाराल तर एकही सांगता येणार नाही.

मीराबाई बुद्धपौर्णिमेसाठी नागपूरहून आली होती. आल्या दिवसापासून तिची एक खोड अख्ख्या मजल्याला कळली. ती घराचं लाकडी दार लावूच द्यायची नाही. नुसती लोखंडी जाळी ओढून आत खुर्ची टाकून बसायची, आणि लिफ्टमधून पाऊल बाहेर पडलं की बेल वाजायच्या आत जाळी उघडायची. पोस्टमन असो, शेजारची चिनी म्हातारी असो, ऋता असो. एकता वैतागायची, "आई, एसी चालू आहे, सगळी हवा बाहेर जाते हो." मीराबाई म्हणायची, "जाऊ दे वं. हवाच हाय." कुशललाही ते भोचकपणाचं वाटायचं. पण आईला कोण बोलणार?

रविवारी पौर्णिमा. ओळखीची आठ-दहा घरं त्यांच्याकडे जमणार होती, वंदना आणि नंतर खीर. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, त्याची आठवण म्हणून आपल्याकडे घरोघर खीर होते, हे सांगायला नको. आदल्या दिवशी, शनिवारी, आईला जोहोरला नेणं भाग होतं. तिची सख्खी भाची अरुणा तिथे नवऱ्यासोबत राहते. "तिले न भेटता परत गेली तर मेल्यावर तोंड काय दाखवू माझ्या बहिणीले?" सुट्टीच्या दिवशीही तोच बांध ओलांडणं कुशलच्या जिवावर आलं होतं. तरी गेला. अरुणाने मटण केलं होतं, नागपुरी, दाट रस्सा, वर तेलाचा तवंग. पलीकडे काही न खाणारा माणूस त्या दिवशी बहिणीच्या घरी विरघळला. दोनदा रस्सा मागून घेतला.

परत निघाले. जोहोरच्या नाक्यावर शिक्के झाले, बस बांधावर चढली आणि अडकली. शनिवारची गर्दी. डावीकडे पाण्याचे जाडजूड नळ, उजवीकडे गाड्यांची रांग, समोर वुडलँड्सची पांढरी इमारत. मीराबाई खिडकीशी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीवर हात फिरवत समाधानाने म्हणाली, "उद्या खीर झकास होते पाय आता."

"हो," कुशल म्हणाला. त्याचं लक्ष त्या इमारतीकडे होतं.

"तुही बायको म्हने, इथे खसखस मिळतच नाही. आता बिनखसखशीची खीर काय तोंडात घालाची? म्या अरुणाले म्हटलं, दे पावशेर."

कुशलने मान वळवली. हळू वळवली, फार हळू.

"काय घेतलं?"

"खसखस. फडक्यात बांधून लुगड्याच्या घडीत ठेवली. सांडाची नाही."

त्याच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. बसमधला एसी एकदम मांड्यांपर्यंत उतरला. कंपनीत पहिल्या आठवड्यातच एका तमिळ सहकाऱ्याने त्याला सांगून ठेवलं होतं, बाकी सगळा मसाला ने, कस-कस मात्र नेऊ नको, ती इकडे बंद आहे, अफूच्या खात्यात धरतात. तेव्हा तो हसला होता. आपण कशाला नेतोय खसखस?

"आई," तो कुजबुजला, "ती इथे चालत नाही. अफूच्या बोंडातलं बी आहे ते."

"मग? गव्हाच्या खिरीत काय गांजा घालून राहिली काय मी? खसखस हाय ते!" मीराबाईला कुजबुजता येत नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून बघितलं. त्याला मराठी येत नसणार. पण कुशलला वाटलं, येत असेल.

"हळू बोल. हळू बोल गं."

"आनि अफूची असती तर तू आतापर्यंत झुलला असता. रश्श्यात तिनं तेच तर वाटून घातलं होतं. दोनदा मागून घेतला न?"

आता पिशवीत खसखस आणि पोटातही खसखस. नाक्यावर कुणी लघवीची बाटली पुढे केली आणि त्यात काही निघालं तर? 'मटण खाल्लं होतं साहेब' हे कोण ऐकेल? पीआर गेलं. ऋताची शाळा गेली. फ्लॅट रिकामा करून इंदोऱ्याच्या गल्लीत सामान उतरवताना तो स्वतःला दिसला, आणि गल्लीतले लोक विचारत होते, "काऊन परत आले रे?"

टाकून द्यावी. पण कुठे? बसच्या काचा उघडत नाहीत. सीटखाली सोडावी तर डोक्यावर कॅमेरा. नाक्यावर संडास आहे, पण संडासात जाऊन पुडी ओतणं हे चोराचंच काम. तिथे कुणी धरलं तर खीर आणि सुजाता समजावून सांगायला कोण थांबणार? मागे जावं तर बांधावर बस वळत नाही. बस इंचाइंचाने पुढे सरकत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुशलला वाटलं, ही गर्दी हटूच नये.

मीराबाईने त्याचा चेहरा बघितला. तिचा आवाज तेव्हा खाली आला. "पोरा. तू पुढं जा. मी मागून येतो. मले म्हातारीले कोन विचारते? विचारलं तर म्हनीन, मले काही कळत नाही. पोराले माहीत नव्हतं."

कुशलने हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

बस थांबली. सगळे उतरले, सरकत्या जिन्याने वर गेले. पासपोर्टच्या यंत्रावर त्याने आईचा अंगठा टेकवून दिला, दार उघडलं, ती आत आली. पुढे सामान तपासायची जागा. आई मुद्दाम मागे राहिली, कुशल रांगेत तिच्या चार माणसं पुढे होता. त्याची बॅग पट्ट्यावरून गेली, पलीकडून आली. कुणी काही बोललं नाही. फरशी, फरशी, फरशी. तो पार गेला. समोर खाली बसकडे जायचा जिना. पाय आपोआप तिकडे वळले.

जिन्याच्या तोंडाशी त्याला कळलं, आपला उजवा हात खिशात आहे. केव्हा गेला कुणास ठाऊक. फोन इतका आवळून धरला होता की बोटं दुखत होती.

त्याने वळून बघितलं. मीराबाई पट्ट्याशी पोचली होती. पांढरं नऊवारी, पायात ऋताचे जुने बूट, पिशवी छातीशी. पुढचा साहेब हाताने खूण करत होता, पिशवी ठेवा. ती ठेवत नव्हती. तिने एकदा पलीकडे बघितलं, पोरगा गेला का याची खात्री करायला. पोरगा तिथेच उभा दिसला तशी तिने हनुवटीने खुणावलं. जा.

कुशल उलटा फिरला.

"सर! सर, मागे येता येत नाही!" एक तरुण साहेब ओरडला. दोघे पुढे आले. कुशलने दोन्ही हात बाहेर काढले, खांद्याएवढे वर. रांगेतले लोक बाजूला झाले. गर्दीत माणूस एकदम रोगी झाला की होतात तसे.

"ती माझी आई आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "तिच्या पिशवीत खसखस आहे. पॉपी सीड्स. आम्हाला सांगायचं आहे."

बोलून झालं, आणि त्याला वाटलं आपण कड्यावरून पाय उचलला.

त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर फडकं सोडलेलं, त्यात ती पांढरट बारीक रास, मुंगीच्या अंड्यांसारखी. शेजारी प्लास्टिकमध्ये बंद केलेली एक रिकामी बाटली, झाकणाची. बाटली कुणी उघडली नव्हती, तिच्याबद्दल कुणी काही बोललंही नव्हतं. ती नुसती होती. कुशलची नजर तिच्यावरून हलेना.

चौकशीला आलेली बाई तमिळ होती, पन्नाशीची, चष्मा. तिने दाणे चिमटीत धरून बघितले. "कस-कस," ती म्हणाली. मग मीराबाईला, "अम्मा, कशाला आणली?"

"पायसम," कुशलने सांगितलं. "उद्या वेसाक, आमची बुद्धपौर्णिमा आहे. आमच्याकडे खीर करतात." हे बोलताना त्याने फरशी बघितली. इथलीही तीच होती.

"तुम्ही पीआर?"

"हो."

"रोज येता-जाता?"

"हो."

"आज पलीकडे कस-कस घातलेलं काही खाल्लंत?"

खोली एकदम लहान झाली. 'नाही' हा शब्द जिभेच्या टोकावर तयार होता, गुळगुळीत, छोटासा. पुढची नोकरी, शाळा, घर, सगळं त्या एका शब्दात बसत होतं.

"काय विचारून राहिली ते?" मीराबाई म्हणाली.

"विचारते, मी खसखस खाल्ली का."

"मग सांग न! दोन वाट्या रस्सा खाल्ला म्हना! लपवाचं काय हाय त्याच्यात, मटन का चोरीचं होतं?"

बाईने भुवया उंचावल्या. "अम्मा काय म्हणतात?"

कुशलने मान वर केली. मानेला सवय नव्हती, दुखली. बाईच्या चष्म्याच्या काचेत त्याला खोलीतला दिवा दिसला, आणि काचेमागे दमलेले डोळे. पहिल्यांदा त्याने या नाक्यावरच्या माणसाचा चेहरा बघितला. "खाल्ली," तो म्हणाला. "मटणाच्या रश्श्यात होती. खाताना माहीत नव्हतं. बसमध्ये कळलं."

बाईने ते लिहून घेतलं. "इथेच थांबा. मला साहेबांना विचारावं लागेल." ती गेली. बाटली राहिली.

खोलीत घड्याळ नव्हतं, फोन बाहेर जमा. कुशल खुर्चीत आक्रसून बसला होता. "बाबा असते तर," तो म्हणाला, "ताठ बसले असते. मी नाही त्यांच्यासारखा."

मीराबाई खुर्चीत सरकली. "कोनासारखा?"

"बाबांना भीती माहीतच नव्हती."

"कोन म्हने?" तिने पदराने तोंड पुसलं. "तुले सांगितलं नाही कोनी. सांगन्यासारखं नव्हतं. पोलिसाइनं सोडलं त्यानंतर दाराची कडी वाजली का तुहा बाप उठून मोरीत जाऊन बसे. दार लावून. तिथंच. मांजराच्या पायानं जाये न तिथं बसे. दूधवाला येवो, कोनी येवो. मोर्च्यात मात्र पयल्या रांगेत. न घरी कडी वाजली का मोरीत."

कुशलची नजर बाटलीवरून आईकडे वळली.

"मग मीच दारात बसाले लागली," ती म्हणाली. "कडी वाजूच द्याची नाही कोनाले. वाजाच्या आधी उघडाची. तुहा बाप गेला, मले सवय राह्यली."

एवढं बोलून ती टेबलावरची खसखस बोटाने गोळा करून फडक्याच्या मध्यावर सारखी करू लागली. सांडलेली तिला बघवत नव्हती.

बाई परत आली ती एका गोऱ्यापान, केस पिकलेल्या साहेबाला घेऊन. त्याने रास बघितली, म्हातारी बघितली, कुशलला बघितलं. कुशलने मान वरच ठेवली होती. तेवढंच त्याच्या हातात होतं. साहेब म्हणाला, माल जप्त होईल. नावं लिहून घेतली आहेत. स्वतःहून सांगितलंत हे धरलं आहे. मग त्याने ती बंद बाटली उचलली, बोटांत फिरवली आणि टेबलाच्या खणात टाकली. "आज नको," तो म्हणाला. "गरज वाटली तर बोलावू."

जिन्याने खाली उतरताना मीराबाई म्हणाली, "फडकं तरी द्याले पाहिजे होतं. चांगलं होतं."

खीर झाली. काजू वाटून घातला एकताने, तिने आधी अर्धा तास दोघांना शिव्या घातल्या आणि मग मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. जमलेल्या मंडळींत मीराबाईने सगळी हकिकत हातवारे करून सांगितली, साहेबाची नक्कल केली, लोक लोटपोट हसले. "आज्जी, यू सो ब्रेव्ह लाह!" ऋता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "मी नाही, तुहा बाप," म्हातारी म्हणाली. सगळ्यांनी कुशलकडे बघितलं. कुशल हसला. त्याच वेळी त्याचा फोन वाजला, अनोळखी नंबर, आणि हातातली वाटी ताटात आपटली. विमा विकणारा होता.

पौर्णिमा रविवारी आली म्हणून सोमवारीही सुट्टी होती. मंगळवारी सुट्ट्या संपल्या. कुशल कामाला गेला. परत येताना बांधावर बस अडकली, पांढरी इमारत समोर आली, सोबत तिचा धाकही आला. रोजचाच. त्यात आता आणखी एक भर होती: आत कुठेतरी त्याचं नाव लिहिलेलं आहे. बस यायच्या आधी त्याने बॅगेचे सगळे कप्पे उलटे केले होते, दोनदा. पट्ट्याशी उभ्या तरुण साहेबाला चेहरा होता, गालावर मुरुमं होती, तो जांभई दाबत होता. हे कुशलला दिसलं. बॅग पलीकडून आली. हात बाहेर होते.

बिशानला लिफ्टमधून तो बाहेर पडला तेव्हा व्हरांड्यात दिवे लागले होते. पाय दमले होते. घरापाशी येऊन त्याने बेलकडे हात नेला.

हात पोचायच्या आत जाळी सरकली.

"ये," मीराबाई म्हणाली.